कॉर्डलेस माइक पहिल्यांदाच लावतोय : आवाज का तुटतो आणि काय काय जपायचं?

मुक्तछंद
नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाट्यसंस्थेनं चार कॉर्डलेस माइकचा संच घेतलाय. दोन हँड माइक, दोन कॉलर माइक. आजवर आमचा सगळा कारभार वायरच्या माइकवर चालला, त्यामुळे हे प्रकरण नवीन आहे. तीन आठवड्यांनी एकांकिका आहेत, सभागृह साधारण चारशे खुर्च्यांचं.

काल रिकाम्या सभागृहात सगळं जोडून पाहिलं. माइकचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर मागे, मिक्सरच्या टेबलावर ठेवला होता. बहुतेक वेळ आवाज स्वच्छ. पण कॉलर माइक लावलेला नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायला लागला की मधलीच अक्षरं गायब व्हायची. तोच नट पाठमोरा झाला की आवाज परत नीट! हे काही केल्या कळलं नाही.

दुसरं म्हणजे विजेचं. मिक्सर, अँप्लिफायर, रिसीव्हर वेगवेगळ्या प्लगांवर आहेत, स्पीकरमधून बारीक घरघर येते. आणि तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. आमच्या अध्यक्षांना पेसमेकर आहे आणि त्यांना कॉलर माइकवर बोलायचं आहे. त्यांना लावू का?

तिसरी घंटा
ताई, नटाच्या कॉलर माइकची ट्रान्समीटरची डबी, म्हणजे बॉडीपॅक, कमरेला मागच्या बाजूला बांधली होती ना? मग कोडं तिथंच सुटतं. तो प्रेक्षकांकडे वळला की डबी आणि तुमचा रिसीव्हर यांच्यामध्ये अख्खा माणूस उभा. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि या फ्रिक्वेन्सीच्या लहरी ते शोषून घेतं. पाठमोरा झाला की डबी थेट रिसीव्हरकडे बघते, म्हणून आवाज येतो. माइक ठणठणीत आहे, जागा चुकली आहे.

रिसीव्हर उचला आणि विंगेत आणा. तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची वायर टाका. ही बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची खरखर रोखणारी वायर चाळीस-पन्नास मीटर गेली तरी आवाजाला काही होत नाही. रेडिओचं अंतर मात्र जितकं कमी तितकं बरं. नवीन माणूस नेमकं उलट करतो. वायर वाचवायची म्हणून रेडिओला लांब पळवतो.

विंगेत ठेवतानाही तो जमिनीवर, लोखंडी कपाटावर किंवा एलईडी पडद्याच्या मागे ठेवू नका. स्टँडवर, माणसांच्या डोक्याच्या वर, जिथून अँटेनाला नटाची कंबर दिसेल अशा जागी ठेवा. "दिसेल" हा शब्द शब्दशः घ्या. रिसीव्हरच्या जागी स्वतः उभं राहायचं आणि डोळ्यांनी बघायचं. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बाहेर झुकवा. पण फार जवळही नको. ट्रान्समीटर अँटेनापासून तीनेक मीटर तरी दूर राहू दे, नाहीतर रिसीव्हरचा पुढचा भाग तुंबतो आणि बाजूचे माइकही बिघडतात.

आडवाटेचा
घंटाकाका, विंगेत ठेवायला माझा विरोध आहे. मी एकटा मिक्सर सांभाळतो. रिसीव्हरवरचे सिग्नलचे आणि बॅटरीचे दिवे मला समोर दिसायला हवेत. विंगेत सेल संपत आला तर मला मागे बसून कसं कळणार? मी वर्षानुवर्षं टेबलावर ठेवतोय, काही अडलं नाही.

तिसरी घंटा
लहान सभागृहात नाही अडत. चारशे खुर्च्या भरल्या की अडतं. दिवे दिसायचेच असतील तर रिसीव्हर टेबलावर ठेवून फक्त अँटेना रंगमंचाजवळ न्यायच्या. पण त्याला अँटेनाची, ५० ओहमची चांगली जाड कोअ‍ॅक्शियल केबल लागते. पातळ केबलमध्ये दर मीटरला सिग्नल गळतो आणि टोकाला पोचेपर्यंत सगळं मुसळ केरात. पहिल्यांदाच लावणाऱ्याला मी विंगच सांगेन. विंगेत एक पोरगा बसवा आणि त्याला दिव्यांवर नजर ठेवायला सांगा. तोच माइक लावेल, काढेल, सेल बदलेल.

आडवाटेचा
जाड केबलचं करून बघतो. गळतीचा हिशोब मी कधी केला नव्हता.

निशिगंध
रिकाम्या सभागृहाच्या चाचणीवर विसंबू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. आमच्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा छोटा संच होता. सकाळच्या तालमीत शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत. संध्याकाळी तीनशे माणसं आली, म्हणजे तीनशे मोबाइल आले, सभागृहाचं वायफायही सुरू झालं. तो सगळा गोंगाट त्याच पट्ट्यात. निवेदिका पहिल्या वाक्यालाच तुटायला लागली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. बिचारी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लागली. मी धावत जाऊन वायरचा माइक हातात दिला तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला.

तेव्हापासून एक वायरचा माइक, जोडलेला आणि तपासलेला, विंगेत कायम उभा असतो.

मुक्तछंद
घंटाकाका, डबी मागेच बांधली होती! आज रिसीव्हर उजव्या विंगेत नेला, स्टँडवर. त्या नटाला मुद्दाम सगळीकडे फिरवलं. फक्त डाव्या टोकाला, लोखंडी जिन्यापाशी एकदा तुटलं. बाकी सगळं नीट.
निशिगंध, आमचा संच यूएचएफ आहे, म्हणजे वायफायपेक्षा खालच्या, टीव्हीच्या पट्ट्यातला. तरी वायरच्या माइकची सूचना लगेच वहीत लिहिली.

पडद्यामागचा
लोखंडी जिन्यापाशी तुटणारच. लाट थेटही येते आणि लोखंडावर आपटूनही येते. दोन्ही उलट्या टप्प्यात भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. ६०० मेगाहर्ट्झची लाट अर्ध्या मीटरची असते, त्यामुळे वीतभर सरकलं तरी आवाज परत येतो. रिसीव्हरला दोन अँटेना याचसाठी असतात. एकीला ऐकू आलं नाही तर दुसरीला येतं. चांगल्या संचात हे आपोआप होतं, त्याला डायव्हर्सिटी म्हणतात. तेवढ्यासाठी त्या नटाला जिन्यापासून दोन पावलं इकडे उभं करा.

आता फ्रिक्वेन्सीचं. चार माइकच्या फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर लावल्या आहेत का? मी सुरुवातीला तसंच करायचो, नीटनेटकं दिसतं म्हणून. ५२०.०, ५२०.५, ५२१.० मेगाहर्ट्झ. आणि तिसरा माइक कायम चिरचिरायचा. कारण दोन ट्रान्समीटर जवळ आले की ते मिळून नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला घालतात. दुसरीची दुप्पट करून पहिली वजा करा : १०४१ वजा ५२० म्हणजे ५२१. बरोब्बर तिसऱ्या माइकच्या डोक्यावर. म्हणून अंतरं मुद्दाम असमान ठेवायची. संचात गट आणि चॅनेल दिलेले असतात, त्यातला एकच गट निवडून सगळे माइक त्या गटातल्या वेगवेगळ्या चॅनेलवर लावले की हा हिशोब बनवणाऱ्यानं आधीच करून ठेवलेला असतो.

स्कॅन करायची, म्हणजे रिसीव्हरकडून मोकळी फ्रिक्वेन्सी शोधून घ्यायची पद्धत अशी. आधी स्वतःचे सगळे ट्रान्समीटर बंद. सभागृहातले दिवे, एलईडी पडदा, प्रोजेक्टर, सगळं चालू. मग स्कॅन. पहिला माइक लावला की तो चालूच ठेवायचा आणि दुसऱ्याचं स्कॅन करायचं, म्हणजे पहिल्याचा त्रास दुसऱ्याला आधीच कळतो. दिवे बंद ठेवून स्कॅन केलं तर ते वाया गेलं असं समजा.

खरखर
एका रिसीव्हर चॅनेलवर दोन माइक चालवता येतात का? एक वापरताना दुसरा बंद ठेवला तर?

पडद्यामागचा
दुसरा खरंच बंद असेल तर चालतं. पण कुणीतरी चुकून सुरू करतोच, आणि मग दोघांची झटापट होऊन शिट्टी किंवा घरघर येते, शब्द एकाचाही कळत नाही. एका फ्रिक्वेन्सीवर एकच माइक.

सौदामिनी
विजेच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते. मी विद्युत अभियंता आहे.

घरघर बहुतेक अर्थिंगच्या फेऱ्यामुळे (ग्राउंड लूप) आहे. मिक्सरला एका प्लगातून अर्थिंग, अँप्लिफायरला दुसऱ्यातून, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर. फेरा पूर्ण झाला की त्यातून थोडा प्रवाह फिरतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. पहिला उपाय, सगळी उपकरणं एकाच सर्किटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवरून घ्या. बोर्डाची क्षमता तपासून घ्या, आणि प्रकाशयोजनेचे डिमर दुसऱ्या सर्किटवर जाऊ द्या. तरी राहिली तर ऑडिओच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

आडवाटेचा
आमचा एक साउंडवाला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा, घरघर लगेच बंद व्हायची. झटपट उपाय आहे खरा.

सौदामिनी
नाही. हे कृपया कुणीही करू नका. घरघर जाते, पण त्याबरोबर जीव वाचवणारी वायरही जाते. आत कुठे इन्सुलेशन फाटलं आणि फेजची तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. अर्थिंग नसताना काहीच होत नाही. पत्रा जिवंत होऊन गप्प बसून राहतो, कुणीतरी हात लावेपर्यंत.

१९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच गेला. हातात गिटार होती, स्पर्श माइकला झाला आणि माइकला अर्थिंग नीट नव्हतं. भर रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर.

कॉर्डलेस माइकचा एक मोठा गुण इथंच आहे. हातातला माइक सेलवर चालतो, मिक्सरशी त्याचा तारेनं संबंध नाही, त्यामुळे ही वाट त्याच्यापुरती बंद होते. पण निशिगंधनं सांगितलेला वायरचा राखीव माइक, कीबोर्ड, गिटार, हे सगळं त्याच मिक्सरला जोडलेलं असतं. अर्थिंग त्यांच्यासाठी हवंच. प्लगाच्या जागी नुसता टेस्टर लावून समाधान मानू नका, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, आणि पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते विचारा.

एक बारीक गोष्ट. रिसीव्हरचे अडॅप्टर दिसायला सारखे असतात, पण व्होल्टेज वेगळं आणि टोकाचे धन-ऋण उलटे असू शकतात. प्रत्येक अडॅप्टरला चिकटपट्टी लावून कुणाचा आहे ते लिहा.

आडवाटेचा
सौदामिनीताई, मुद्दा समजला. त्या माणसाशीही बोलतो. धन्यवाद.

नाडीपरीक्षा
मुक्तछंद, पेसमेकरबद्दल. मी डॉक्टर आहे, पण तुमच्या अध्यक्षांना तपासलेलं नाही, म्हणून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारणं पहिलं.

सर्वसाधारण नियम असा की रेडिओ लहरी सोडणारं उपकरण पेसमेकरपासून किमान १५ सेंमी लांब असावं. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो. म्हणजे बॉडीपॅक सदऱ्याच्या वरच्या खिशात अजिबात नको. कमरेला, उजव्या बाजूला.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते सांगतो. काही कॉलर माइकना चिमट्याऐवजी लोहचुंबक असतं. एक तुकडा कापडाबाहेर, एक आतून छातीला. लोहचुंबक पेसमेकरच्या जवळ आलं की तो वेगळ्या पद्धतीनं चालू लागतो, हृदयाच्या ठोक्यांची दखल न घेता ठरावीक वेगानं. दवाखान्यात आम्ही हे मुद्दाम करतो. सभागृहात चुकून व्हायला नको. ज्यांच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडले की झटका देणारं यंत्र आहे त्यांच्याबाबत तर चुंबकामुळे वेळप्रसंगी झटका देण्याचं कामच थांबू शकतं. तुमच्या माइकची क्लिप आधी बघा.

माझं मत विचाराल तर त्यांच्यासाठी स्टँडवर वायरचा माइक ठेवा. कॉलर माइकची त्यांना गरज आहे का, हेही विचारून बघा.

जुईली
डॉक्टर, आणि ज्यांना पेसमेकर नाही त्यांचं काय? आमच्या घरी आईला वाटतं की दिवसभर कमरेला ट्रान्समीटर म्हणजे वाईट.

नाडीपरीक्षा
या माइकची ताकद साधारण १० ते ५० मिलिवॉट असते. जुन्या जीएसएम मोबाइलची कमाल ताकद २ वॉटपर्यंत जायची, म्हणजे ५० मिलिवॉटच्या चाळीस पट. आईंना सांगा, काळजी करायचीच तर कानाची करा. माइकची अचानक लागलेली शिट्टी आणि कानात लावलेल्या मॉनिटरचा वाढवलेला आवाज, यांनी खरं नुकसान होतं.

खरखर
शिट्टीवरून आठवलं. गायक मंडळी माइकची जाळी मुठीत धरतात, त्यांना कसं समजवायचं?

तिसरी घंटा
दाखवायचं. हँड माइकच्या जाळीला मागूनही भोकं असतात, त्यांच्यामुळे तो समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो. ती मुठीनं झाकली की तो चहूबाजूंचं ऐकायला लागतो, स्पीकरचंही. मग शिट्टी. तालमीत एकदा हळू आवाजात हे करून दाखवलं की गायक आयुष्यभर विसरत नाही. आणि अनेक हँड माइकची अँटेना बुडाशी असते, तिथं धरलं तर सिग्नल अर्धमेला होतो. मधोमध धरायचा, तोंडापासून चार बोटांवर.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. पोटावर नेऊन लावू नका. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, मग मिक्सरवर वाढवता, मग शिट्टी.

गेनचंही, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा त्याचंही सांगतो. आधी ट्रान्समीटरवरचा गेन ठरवा. नटाला प्रयोगात ओरडायचं तसं ओरडायला लावा, "हॅलो हॅलो"वर भागवू नका. लाल दिवा अगदी टोकाच्या शब्दाला क्वचित चमकला पाहिजे. मग रिसीव्हरचा आउटपुट कमजोर माइक पातळीवर आहे की जोरकस लाइन पातळीवर ते बघून मिक्सर जुळवा. लाइन पातळी माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, आणि लोक माइकला शिव्या देतात. फँटम पॉवर, म्हणजे मिक्सर वायरीतून माइकला पुरवतो ती वीज, त्या चॅनेलवर बंद ठेवा, रिसीव्हरला तिची गरज नसते.

आणि सुरू करताना मिक्सरवर चॅनेल म्यूट, मग रिसीव्हर, मग ट्रान्समीटर, सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. बंद करताना अँप्लिफायर आधी.

वाचक एक
माइकवर फुंकर मारून किंवा टकटक करून तपासू नये हेही लिहा कुणीतरी. फुंकरीनं ओल आत जाते.

निशिगंध
+१. आणि माइक दहा तोंडांसमोरून जातो. जाळी फिरवून काढता येते. ती आणि आतला स्पंज सौम्य साबणानं धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. आतल्या कॅप्सूलवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागावर काहीही फवारू नका.

पडद्यामागचा
थोडं अवांतर, पण सुरक्षेचंच. माइक काढून घ्यायला विसरू नका. २०१० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन निवडणूक प्रचारात एका बाईंशी बोलून गाडीत बसले. कपड्याला लावलेला वायरलेस माइक सुरूच होता. त्या बाईंबद्दल ते गाडीत जे बोलले ते जगानं ऐकलं आणि त्यांना परत जाऊन माफी मागावी लागली. आमच्या नटांसाठी नियम आहे की माइक लावलेला असताना विंगेत खासगी काहीच बोलायचं नाही. मिक्सरवाल्यानंही नट आत गेला की चॅनेल लगेच म्यूट करायचा. साध्या अ‍ॅनालॉग संचाचा आवाज त्या फ्रिक्वेन्सीचा दुसरा रिसीव्हर असलेला कुणीही ऐकू शकतो. बंद दाराआडच्या बैठकीला एन्क्रिप्शन, म्हणजे आवाज सांकेतिक रूपात पाठवायची सोय असलेला डिजिटल संचच वापरा.

आडवाटेचा
मी एक भर घालतो. स्वस्तात मिळालेला जुना संच घेताना फ्रिक्वेन्सीचा पट्टा बघा. जगभर टीव्हीचे पट्टे मोबाइल कंपन्यांकडे जातायत. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले माइक जून २०१० पासून आणि ६०० च्या बऱ्याचशा भागातले जुलै २०२० पासून बेकायदा झाले. मग असे संच दुसरीकडे विकायला निघतात. आपण जिथं वापरणार तिथल्या नियमांत तो पट्टा बसतो का, परवाना लागतो का, हे पैसे देण्याआधी पाहावं.

जुईली
सेलचं कुणी बोललंच नाही! मी चार्ज होणारे पेन्सिल सेल घालते आणि पूर्ण भरलेले असूनही माइक अर्धीच बॅटरी दाखवतो.

तिसरी घंटा
कारण साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तुमचा निकेल मेटल हायड्राइड १.२ चा. मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलायची सोय असेल तर बदला. नसेल तर घड्याळ लावून बसा, एकदा माइक संपेपर्यंत चालवा आणि वेळ लिहून ठेवा. चार्ज होणारे सेल शेवटपर्यंत एकसारखे चालतात आणि मग अचानक मान टाकतात, त्यामुळे दिव्यापेक्षा त्या वेळेवर भरवसा ठेवा. मध्यंतरात सेल बदला. जुना-नवा एकत्र घालू नका, आणि घरी ठेवताना काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळले की संपर्काच्या पट्ट्या खातात.

मुक्तछंद
धागा वर आणतेय. काल प्रयोग झाला.

अध्यक्षांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "अगं, मला कॉलर माइक नकोच होता, तुम्ही लावता म्हणून लावणार होतो." स्टँडवरचा वायरचा माइक दिला, छान बोलले. आमच्या कॉलर माइकची क्लिप खरंच चुंबकाची निघाली. डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती उलटून पाहिली नसती. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं तेव्हा कळलं की मिक्सरमागच्या प्लगात अर्थिंगची तारच सुटलेली होती. बसवून घेतली, सगळं एका बोर्डवर आणलं, घरघर गेली. सौदामिनीताई, त्या प्लगाला आम्ही दोन वर्षं हात लावत होतो.

सभागृह भरल्यावर सिग्नलचे दिवे तालमीपेक्षा खरंच खाली आले, पण आवाज एकदाही तुटला नाही. मध्यंतरात सेल बदलले, काढलेल्या सेलांवर किती मिनिटं चालले ते लिहिलं.

एकच राहिलं. दुसऱ्या एकांकिकेत नायिकेच्या माइकमधून सतत सळसळ येत होती. रेडिओचं असेल का?

तिसरी घंटा
हलल्यावर यायची की स्थिर उभी असतानाही?

मुक्तछंद
हलल्यावरच. पदर सावरला की जास्त.

तिसरी घंटा
मग कापड घासतंय. माइकच्या खाली वायरचा छोटा वेढा करा आणि तो चिकटपट्टीनं आतल्या कापडाला धरा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. माइकच्या दोन्ही बाजूंचं कापड एकमेकाला चिकटवून टाका, घासायला जागाच ठेवू नका. आणि पदर दुसऱ्या खांद्यावर जाईल का, ते दिग्दर्शकाला विचारा.